कुंडिनपूरचे आजोळ

माझी नात दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आली तेव्हा तिच्या दप्तरात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सहामाही परीक्षेनंतर शाळेने दिलेला सुट्टीचा अभ्यास. दुसरी, तिच्या आईने वहीच्या कागदावर लिहून दिलेली यादी. तिला काय चालते, काय चालत नाही, रात्री किती वाजता झोपते, ताप आला तर कोणते औषध द्यायचे, असे सगळे त्यात होते. शेवटची ओळ होती, 'कापसात लोळू देऊ नका, अंगाला खाज सुटते.' माझ्या पत्नीने यादी वाचली, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "पाहा, कोन लिवून रायलं हे! जिले आपन कापसातून वढून काढत होतो ते."

नात सात वर्षांची, दुसरीत शिकणारी. तिच्या मामाने, म्हणजे माझ्या मुलाने, तिला रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून मोटारसायकलवर गावापर्यंत आणले. आजोळच्या घरात तिचे हे पहिलेच पाऊल. सात वर्षांची होईपर्यंत मुलगी आजोळी का आली नव्हती, असे वाचकांच्या मनात येईलच. ते पुढे सांगतो. ते सांगायचे म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आमचे गाव कौंडण्यपूर. अमरावती जिल्ह्यातला तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा आणि आर्वीचा रस्ता. पुराणातले कुंडिनपूर ते हेच, विदर्भाची राजधानी हीच, आणि रुक्मिणीचे माहेरही हेच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नातीची पहिली शंका मात्र भूगोलाची होती. वर्धा नदी अमरावती जिल्ह्यात काय करते? मी तिला सांगितले की नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते आणि पुढे वैनगंगेला भेटते. तिने विचार करून विचारले, "मग तिचं गाव कोणतं?" चाळीस वर्षांच्या मास्तरकीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

पहिले दोन दिवस भाषेची गंमत चालली. "वो माय, उठली काय?" असे आजीने म्हटले की ही इकडे तिकडे पाहायची, कोणाची माय उठली म्हणून. तिसऱ्या दिवशी तिला 'काऊन' हा शब्द सापडला. पुण्याच्या 'का' या एका अक्षरापेक्षा तो तिला फार आवडला. आबाजी, काऊन पाणी तापवता? आजी, काऊन गाय बसली? लाइन काऊन गेली? दिवसभर घरात काऊन-काऊन चालले होते. आंघोळीचे पाणी मात्र तिला शेवटपर्यंत मानवले नाही. आमच्या बंबातले पाणी चहा करण्याजोगे असते, अशी तक्रार तिने रोज फोनवर आईकडे केली.

सोयाबीन दिवाळीआधीच निघाले होते. पऱ्हाटी फुटली होती. वेचणीला हात लावण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, वावरात शिंपडायचा आणि मग पहिले बोंड वेचायचे. एरवी हे काम पत्नी आणि शेजारच्या बाया उरकून टाकतात, मी धुऱ्यावर उभा असतो. या वेळी नातीने आजीच्या हातातली वाटी घेतली आणि सगळ्या झाडांना पुरला पाहिजे म्हणून एकेक शीत मोजून टाकू लागली. अडीच एकरांत ते कसे पुरावे? बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग ओढणीची ओटी बांधून तीही वेचायला लागली. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. दोन ठिकाणी बोटाला टोचले, पण रडली नाही. तासाभरात पावशेर कापूस झाला. मजुरी किलोवर असते. मी हिशेब करून दोन रुपये काढले, तर तिने टोचल्याचे वेगळे मागितले. शेतमजुरांच्या हिशेबात हे कलम कुठेच नसते, हे मला त्या दिवशी जाणवले.

पहिला वेचा घरी आला. ओसरीलगतच्या खोलीत कापसाचा ढीग पडला आणि व्हायचे तेच झाले. यादीतली शेवटची ओळ सगळ्यांनाच पाठ होती, पण कोणी बोलले नाही. तिने उंबरठ्यावरून धावत येऊन ढिगात उडी घेतली. नाकातोंडात कापूस, केसांत सरकी. आजी दारात उभी राहून म्हणाली, "तुही माय बी असीच उड्या मारे." आणि मग माझ्याकडे न पाहता आत निघून गेली.

आमच्या घरात मुलीचा विषय असाच निघायचा आणि असाच संपायचा.

गावाला लागून पांढरीची टेकाडे आहेत. जिथे पीक ती काळी आणि जिथे वस्ती झाली ती पांढरी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नातीला सांगावे लागले. मोरेश्वर दीक्षित हे पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक. प्राचीन मण्यांवर त्यांचे विशेष काम आहे. त्यांनी 1962 ते 64 या काळात इथे उत्खनन केले. त्याचा अहवाल 1968 साली प्रसिद्ध झाला. माझा जन्म 1955 चा, म्हणजे खोदकाम सुरू झाले तेव्हा मी बरोबर नातीच्या वयाचा. शाळा सुटली की आम्ही पोरे चराच्या काठाशी उकिडवी बसत असू. सोन्याचा हंडा निघेल आणि त्यात रुक्मिणीचे दागिने असतील, अशी आमची खात्री होती. निघत होती ती खापरे आणि मणी. त्या खापरांवर लहान ब्रश फिरवणारी मोठी माणसे आम्हाला खुळी वाटत. सातवाहनांच्या काळातली आणि त्याच्याही आधीची वस्ती त्या खापरांवरूनच कळते, हे समजायला मला मास्तर व्हावे लागले.

टेकाडावर फिरताना नातीला लाल खापराचा एक तुकडा मिळाला, काठाचा, बोटभर. तो रुक्मिणीच्या दुधाच्या भांड्याचा आहे असे तिने ठरवून टाकले. मी म्हटले, "ठेव तिथंच. जुनी वस्तू असेल तर तिची जागा तिथंच असते. उचलून नेली की ती नुसतं खापर होते." तिने तो परत ठेवला, वर माती सारली आणि खूण म्हणून एक काडी रोवली. परत येताना विचारले, "आबाजी, रुक्मिणी कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी तिला देवळात नेले. नदीकाठच्या उंचवट्यावर विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे. तिथून वर्धेचे पात्र दिसते. पावसाळ्यानंतरचे पाणी अजून भरून होते. गावात अंबिकेचेही देऊळ आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीने देवीच्या दर्शनाला जायची रीत होती आणि याच देवळापाशी श्रीकृष्णाने रुक्मिणीला रथात घेतले, अशी गावाची श्रद्धा. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. शाळेत सांगितली, सहलीला आलेल्या पोरांना सांगितली, पाहुण्यांना सांगितली. भीष्मक राजा, त्याचा मुलगा रुक्मी, त्याने चेदीच्या शिशुपालाशी ठरवलेले बहिणीचे लग्न, रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती पाठवलेले पत्र, मग रथ, पाठलाग, युद्ध. नात तोंड उघडे टाकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे रुक्मिणीने पळून जाऊन लग्न केलं?"

"हो."

"माझ्या आईसारखं?"

आईने तिला काही लपवून ठेवले नव्हते, हे मला तेव्हा कळले. मी मान हलवली. तिने देवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग हिला देवळात काऊन ठेवलं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सात वर्षांच्या मुलीला टोमणा येत नाही. तिला खरेच कळत नव्हते. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. "तिचे बाबा नंतर तिच्याशी बोलायचे का?"

आता ते सांगतो. माझ्या मुलीने 2012 साली अमरावतीला नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगा तिच्या वर्गातला. जात वेगळी. महिनाभर आधी तिने समोर बसून मला सगळे सांगितले होते. पळून वगैरे ती गेलीच नव्हती. ते आम्ही नंतर म्हणू लागलो. मी तिला म्हणालो, "मंग तू जाय." एवढेच. तीन शब्दांत पंचवीस वर्षांची मुलगी घराबाहेर झाली. निवृत्तीला एक वर्ष उरले होते आणि शाळेत तोंड कसे दाखवू, हीच माझी चिंता होती. पदवीच्या शेवटच्या वर्षाला मीच तिच्या हाती एकनाथमहाराजांचे रुक्मिणी स्वयंवर दिले होते. महाराजांनी 1571 साली काशीत पुरा केलेला ग्रंथ. उपवर मुलीने तो वाचला की मनासारखा वर मिळतो, म्हणून घरोघर वाचायला देतात. तिने तो माझ्यापेक्षा नीट वाचला, असे आता वाटते.

दरवर्षी आषाढीसाठी आमच्या गावाहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. सदाराम महाराजांनी ती 1594 साली सुरू केली असे सांगतात. महिन्याहून अधिक पायी चालणे आणि सोबत सासरी असलेल्या लेकीसाठी माहेरची साडीचोळी. 2020 साली कोरोनामुळे राज्यातल्या मोजक्याच मानाच्या पालख्यांना परवानगी मिळाली, त्यांत आमची होती. ती एसटीच्या बसने गेली, पण आहेर चुकला नाही. पालखी निघते तेव्हा मी दरवर्षी वेशीपर्यंत जातो. 2013 सालीही गेलो. नारळ वाढवला. माझ्या स्वतःच्या मुलीला लग्न झाल्यापासून मी एक रुमालही दिलेला नाही, हे त्या गर्दीत माझ्या मनातसुद्धा आले नाही. माणूस किती सहज दोन कप्पे करतो, पाहा.

बोलणे सुरू झाले ते 2021 मध्ये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात ज्या जिल्ह्यांना आधी लागली, त्यांत अमरावती होता. फेब्रुवारीत पत्नी आजारी पडली. ती आणि मुलगी चोरून फोनवर बोलतात, हे मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हे त्या दोघींना ठाऊक होते. पत्नीला बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा रात्री वाजलेला फोन मला उचलावा लागला. पलीकडून आवाज आला, "बाबा, आईचा ऑक्सिजन किती हाये?" मी आकडा सांगितला. तेरा दिवस आम्ही फक्त आकडे बोललो. पत्नी बरी झाली आणि फोन चालू राहिला. पण 'ये' हा शब्द मी उच्चारला नाही, आणि न बोलावता येणाऱ्यांपैकी ती नाही. त्या बाबतीत ती माझ्यावरच गेली आहे. दिवाळीत दोघांनाही रजा नव्हती, मुलीला कोणाकडे ठेवावे हा प्रश्न होता, आणि मामा कामासाठी पुण्याला गेलाच होता. तो परस्पर तिला घेऊन आला. इथे भाऊ बहिणीच्या बाजूचा निघाला. रुक्मीचे काम बापाने केले होते.

देवळातून घरी आलो आणि नातीच्या प्रश्नासाठी भागवत काढले. दशम स्कंधातल्या या अध्यायांची मी सप्ताहात किती पारायणे ऐकली असतील! त्यात आहे की भीष्मकाच्या मनात कृष्णच होता, पण मुलापुढे त्याचे चालले नाही. रुक्मी हरला. कृष्णाला जिंकल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती, म्हणून तो घरी आलाच नाही. भोजकट नावाचे वेगळे नगर वसवून राहिला. अमरावतीजवळचे भातकुली ते हेच म्हणतात. म्हणजे बापाची मुलगीही गेली आणि मुलगाही गेला. आणि मग चोपन्नाव्या अध्यायाच्या शेवटी, द्वारकेच्या लग्नसोहळ्याला आनंदाने जमलेल्या लोकांच्या नावांत विदर्भ हे नाव दिसले. माहेरची माणसे गेली होती! इतक्या वर्षांत ते एक नाव माझ्या कानावरून निसटत राहिले. रुक्मीनेही पुढे वैर मनात ठेवून का होईना, पण बहिणीला बरे वाटावे म्हणून आपली नात तिच्या नातवाला दिली. त्या लग्नात फाशांच्या खेळावरून पुढे जे झाले, ते मी नातीला सांगितले नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही सांगू नये.

"बोलायचे," मी तिला म्हणालो. "तिच्या माहेरचे लोक लग्नाला गेले होते, लिहिलेलं आहे."

"मग तुम्ही काऊन नाही गेले?"

मी तिला गाईंना ओवाळायला आजीसोबत पाठवून दिले. त्या दिवशी पाडवा होता, गायगोधनाची गडबड होती. गाईंच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा, गुराख्यांची गाणी. ट्रॅक्टर आल्यापासून पूर्वीसारखी गुरे राहिली नाहीत, तरी सण होतो. तिने गाईला चकली भरवली. गाईने खाल्ली. एवढ्यावर माझी त्या वेळेपुरती सुटका झाली.

त्या रात्री लाइन गेली. अंगणात बाज टाकली. गोष्ट सांगा म्हणाली, पण रुक्मिणीची नको. म्हणून मी दमयंतीची काढली. तीही विदर्भाच्या राजाचीच मुलगी. नळ फासे खेळता खेळता राज्य हरू लागला, तेव्हा दमयंतीने ओळखले की आता काही खरे नाही. तिने वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावले, मुलगा आणि मुलगी दोघांना रथात बसवले आणि कुंडिनपूरला आपल्या आईवडिलांकडे पाठवून दिले. इंद्रसेन आणि इंद्रसेना अशी त्यांची नावे.

नात उठून बसली. "इथे? आजोळी?"

"इथंच."

"त्यांना करमलं का?"

महाभारतात ते लिहिलेले नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, "करमलं असेल. फक्त पाणी फार कढत असेल." थोड्या वेळाने तिने विचारले, "मग त्यांची आई आली?"

"आली. फार हाल सोसून आली, पण इथंच आली. बापानं माणसं पाठवून शोधलं तिला."

"आणि बाबा?"

"तेही आले. वेष पालटून आले. सारथी होऊन. कोणी ओळखलं नाही. पण मुलं दिसली तसं त्यांना राहवलं नाही. मुलांना जवळ घेऊन रडायलाच लागले."

अंधारात तिचा चेहरा मला दिसत नव्हता. बराच वेळ ती काही बोलली नाही, मला वाटले झोपली. मग म्हणाली, "आबाजी, माझ्या बाबांना पण वेष पालटून यावं लागेल का?"

पत्नी ओसरीवर बसली होती. तिने काही म्हटले नाही. फक्त मोबाइलचा उजेड पडला आणि तो उजेड माझ्याकडे चालत आला. तिने नंबर लावूनच फोन माझ्या हाती दिला. पलीकडे मुलीने विचारले, "पोरीले बरं नाई काय?" रात्री दहा वाजता माझा फोन म्हणजे दुसरे काय असणार! मी म्हणालो, "बरी हाये. तिले न्यायले तुमी या. दोघंबी या." पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो कोणीतरी बंद केला. "बाबा, सुट्टी पाहाव लागन," ती म्हणाली. मी म्हटले, "पाहा." एवढेच झाले. नात तोवर खरेच झोपली होती.

तीन दिवसांनी निरोप आला की शनिवारी पोचतो. मग मला साडी घ्यायची बुद्धी झाली. अमरावतीला दुकानात बसलो. समोर साड्यांच्या घड्या उलगडत होत्या आणि मला मुलीचा आवडता रंग आठवेना. आठवेना म्हणजे कधी माहीतच नव्हता. नात बरोबर होती. ती म्हणाली, आई साडी नेसतच नाही, पण पिवळा आवडतो. पिवळी घेतली. जावयासाठी काय घ्यावे यावर आमचा दोघांचा बराच वाद झाला. शेवटी टोपी-उपरण्याबरोबर एक टॉर्च घेतली, कारण बाबा अंधाराला घाबरतात, अशी माहिती तिने पुरवली. ती खरी निघाली नाही.

शनिवारी सकाळी बसथांब्यावर मुलगा गेला. मी ओसरीवर बसलो होतो. काय बोलायचे ते दोन दिवस मनात घोळवले होते. वाक्य चांगले झाले होते, मास्तरकीत शोभेल असे. पत्नी भाकरतुकडा घेऊन दारात उभी. आधी नात ओरडत सुटली, "आई, काऊन उशीर केला वो?" त्यावर मुलगी इतकी हसली की तिला दारातच थांबावे लागले. केस पांढरे व्हायला लागले आहेत तिचे. फोनवर ते दिसत नव्हते. मागे जावई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा. बूट काढायचे तर पिशव्या कुठे ठेवाव्या, या पेचात तो बराच वेळ होता. मी उठलो आणि त्याच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. वाक्य राहूनच गेले.

मुलगी आत आली. चौदा वर्षे होत आली होती. तिने देव्हारा पाहिला, नवा पंखा पाहिला, मग उजवीकडच्या खोलीत डोकावली. कापसाच्या ढिगात नातीच्या उड्यांनी मोठा खड्डा पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "कापूस अजून घरातच ठेवला काय? उंदरं लागतील न."